नवी लिफ्ट किट बसवली आणि गाडी एका बाजूला झुकली. दोष नेमका कुठे आहे, हे कसं शोधायचं?

पिकअप किंवा थारसारखी गाडी उंच करून घ्यायची, मोठे टायर टाकायचे आणि घाटात उभी करून फोटो काढायचा, ही हौस आता नवीन राहिलेली नाही. पण गॅरेजमधून गाडी बाहेर आली की अनेकांच्या एक गोष्ट लक्षात येते. समोरून पाहिलं तर गाडी सरळ उभीच नाही. एका बाजूला टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं जागा, दुसऱ्या बाजूला तीनच.

इथून पुढे बहुतेक वेळा एकच घडतं. मेकॅनिक सांगतो, "स्प्रिंग बसल्या की होईल बरोबर." मालक दोन-तीन आठवडे थांबतो. फरक जात नाही, मग खालच्या बाजूला एक चकती टाकून विषय मिटवला जातो. चकतीने गाडी सरळ दिसते, पण मूळ कारण तसंच राहतं. ते कारण ढिला राहिलेला बोल्ट किंवा खाचेत न बसलेली स्प्रिंग असेल, तर मामला दिसण्यापुरता उरत नाही.

म्हणून चकती टाकण्याआधी कारण शोधायला हवं. त्यासाठी लागतो एक मेजरिंग टेप, कागद-पेन आणि तपासणीचा योग्य क्रम.

राइड हाइट म्हणजे काय?

गाडी स्वतःच्या वजनाने चाकांवर उभी असताना तिची बॉडी किती उंचीवर राहते, ती राइड हाइट. ही उंची दोन गोष्टींवर ठरते: स्प्रिंगवर किती वजन आहे आणि ती स्प्रिंग किती लांब, किती कडक आहे.

शॉकअप ही उंची ठरवतो असा अनेकांचा समज असतो. शॉकअपचं मुख्य काम स्प्रिंगची उसळी आवरणं हे आहे. गॅस भरलेला शॉकअप थोडासा वर रेटतो, पण गाडी बोटभर झुकली असेल तर संशय आधी स्प्रिंग, बुश आणि बसवण्याच्या पद्धतीवर घ्यायचा.

टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस आणि अमेरिकेतली २०२३ पर्यंतची टोयोटा टॅकोमा या पिकअपची रचना साधारण सारखी आहे. पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र, डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. मागे सलग ॲक्सल आणि त्याखाली किंवा त्यावर पाटे. खालची तपासणी मुख्यतः याच रचनेला धरून आहे.

जो कोपरा खाली, तोच दोषी असं नाही

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पुढची डावी बाजू खाली दिसली की पुढच्या डाव्या स्प्रिंगला दोष दिला जातो.

एक चौरंग डोळ्यांसमोर आणा. त्याच्या चारही पायांखाली स्प्रिंग ठेवल्या आहेत. आता मागच्या उजव्या पायाखालची स्प्रिंग थोडी जास्त उंच बसवली. काय होईल? फक्त तो कोपरा वर जाणार नाही. अख्खा चौरंग डावीकडे कलेल आणि पुढचा डावा पायही खाली दबेल. पुढच्या डाव्या स्प्रिंगमध्ये काहीच बिघाड नसताना ती 'बसलेली' दिसेल.

गाडीचं तसंच आहे. चॅसी बऱ्यापैकी ताठ असते, त्यामुळे मागच्या पाट्यातला घोळ पुढच्या मडगार्डवर दिसू शकतो.

मोजायचं कसं?

नजरेवर विसंबून चालत नाही. मोजमाप घेतानाही काही गोष्टी पाळाव्या लागतात.

१. सपाट जागा शोधा. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. शंका असेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन चारही चाकांच्या जागा तपासा.

२. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत ना ते पाहा. हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे भरा. पुढची दोन्ही चाकं एकसारखी, मागची दोन्ही एकसारखी.

३. गाडीतलं सामान काढा. डिझेल किंवा पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवा. ८० लिटरच्या टाकीत पेट्रोलचंच वजन सुमारे ६० किलो भरतं आणि अनेक गाड्यांत टाकी एका बाजूला असते.

४. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. चाकं हवेत असताना पुढची चाकं थोडी आत सरकलेली असतात. खाली टेकल्यावर टायर जमिनीला धरून ठेवतात आणि गाडी खोटी उंची दाखवते. गाडी काही मीटर पुढे-मागे घ्या, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि चारही कोपरे हाताने दाबून सोडा.

५. आता चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवेचा फरकही त्यात मिसळतो. चारही कोपऱ्यांचे आकडे मिलिमीटरमध्ये लिहा.

६. गाडी उलट्या तोंडाने त्याच जागी उभी करा आणि पुन्हा मोजा. आधी डावी बाजू खाली होती आणि आता उजवी खाली आली, तर दोष जमिनीचा आहे. दोन्ही वेळा डावीच खाली असेल, तर दोष गाडीत आहे.

किट बसवण्याआधीचे आकडे असतील तर अर्धं काम तिथेच होतं. आधी डावी बाजू १० मिमी खाली होती आणि आता १६ मिमी खाली आहे, तर किटमुळे आलेला फरक ६ मिमीचाच आहे. बाकीचा झुकाव कंपनीतून निघाल्यापासून किंवा जुन्या वापरातून आलेला आहे. गाडी उंच झाली, सगळ्यांची नजर मडगार्डच्या फटीकडे गेली, म्हणून तो आता दिसला एवढंच.

आकडे काय सांगतात?

समजा आकडे असे आले: पुढे डावीकडे ५४०, उजवीकडे ५५६. मागे डावीकडे ५७५, उजवीकडे ५९०.

पुढे फरक १६ मिमी, मागे १५ मिमी, आणि दोन्हीकडे डावी बाजूच खाली. म्हणजे गाडी एकसंध डावीकडे कलली आहे. कारण पुढे आहे की मागे, हे मात्र या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी पुढची चाचणी लागते.

दुसरी शक्यता अशी की पुढे डावी बाजू खाली आहे आणि मागे उजवी. ताठ चॅसी सपाट जमिनीवर अशी उलटसुलट कलू शकत नाही. त्यामुळे असे आकडे आले तर आधी जागा पुन्हा तपासा. जागा ठीक असेल, तर बॉडी आणि चॅसीमधले रबर माउंट दबलेत का, एखादं मडगार्ड अपघातानंतर बदललंय का किंवा चॅसीच पिळली आहे का, हे पाहावं लागतं. यासाठी चॅसीवरच्या सारख्याच दोन बिंदूंची जमिनीपासूनची उंची डावी-उजवीकडे मोजतात. चॅसी सरळ आणि बॉडी तिरकी निघाली, तर सस्पेन्शनचा दोष नाही.

किती फरक चालतो? पाच-सहा मिलिमीटरचा फरक बहुतेकांच्या नजरेला कळतही नाही. साधारण अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिमीच्या पुढे गेला की कारण शोधावं, असा ढोबळ अंदाज धरता येतो.

आधी बिनखर्चाच्या दोन तपासण्या

पहिली तपासणी बुशची. पुढच्या लोअर आर्म आणि अप्पर आर्मच्या मुळाशी रबरी बुश असतात. कंपनीच्या बहुतेक बुशमध्ये रबर धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म हलला की हे रबर फिरत नाही, पिळलं जातं. किट बसवताना गाडी लिफ्टवर असते आणि चाकं खाली लोंबकळत असतात. मेकॅनिकने त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळले, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की पिळलेलं रबर तिला वर ढकलत राहतं. एक बाजू जास्त पिळली गेली की ती बाजू उंच राहते.

उपाय सोपा आहे. गाडी चाकांवर उभी असताना ते बोल्ट सैल करायचे, गाडी हलवून बसू द्यायची आणि मग टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या मापात आवळायचे. पाट्यांच्या दोन्ही टोकांच्या आणि शॅकलच्या बोल्टलाही हाच नियम लागू होतो. हे केलं नाही तर झुकावासोबत बुश लवकर फाटण्याचाही खर्च येतो.

दुसरी तपासणी अँटी-रोल बारची. हा दांडा डाव्या-उजव्या चाकांना जोडतो आणि वळणावर गाडी कलू देत नाही. किटसोबत आलेल्या त्याच्या लिंक कमी-जास्त लांबीच्या बसल्या, तर तो सरळ उभ्या गाडीलाही पीळ देतो. सपाट जागी दोन्ही बाजूंच्या लिंक तात्पुरत्या सोडून पुन्हा मोजा. झुकाव गेला, तर कारण सापडलं. लिंक सोडलेल्या असताना गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

पुढे की मागे? जॅकची चाचणी

सलग मागचा ॲक्सल असलेल्या पिकअपमध्ये ही चाचणी खूप उपयोगी पडते. मागचा ॲक्सल बरोबर मध्यावर, डिफरन्शियलखाली जॅक लावून उचलायचा. मागचे टायर जमिनीपासून सुटण्यापुरते, एक-दोन सेंटिमीटरच. आता मागची बाजू एकाच बिंदूवर टेकलेली आहे. ती गाडीला डावीकडे किंवा उजवीकडे ढकलू शकत नाही. गाडी सरळ ठेवायचं काम एकट्या पुढच्या स्प्रिंगवर आलं आहे.

या स्थितीत पुढची उंची मोजा. पुढची बाजू जवळपास सरळ झाली, तर आतापर्यंत मागचे पाटे तिला झुकवत होते. झुकाव कायम राहिला, तर कारण पुढे आहे.

ही चाचणी घरी एकट्याने करू नये. डिफरन्शियलखाली जॅक लावायला सगळ्या कंपन्या परवानगी देत नाहीत, त्यामुळे मॅन्युअल पाहावं. पुढच्या चाकांना अडण लावावी, ॲक्सलखाली जॅक स्टँड तयार ठेवावेत आणि गाडीखाली कोणीही जाऊ नये.

कारण पुढे असेल तर

• स्प्रिंगचं टोक खाचेत नाही: कॉइल स्प्रिंगच्या टोकासाठी बैठकीवर एक खाच असते. टोक फिरून खाचेबाहेर राहिलं, तर ती बाजू उंच राहते. चालता चालता ते अचानक आत बसू शकतं, त्यामुळे हे तातडीने दुरुस्त करावं.

• डावी-उजवी अदलाबदल: काही किटमध्ये दोन्ही स्प्रिंगची लांबी मुद्दाम वेगळी असते, कारण गाडीच्या एका बाजूला वजन जास्त असतं. स्प्रिंगवरचा नंबर किंवा खूण किटच्या कागदाशी ताडून पाहा.

• उलट्या दोन जाड चकत्या: दोन जाडीच्या चकत्या आल्या असतील, तर कोणती कुठे बसली ते विचारा.

• स्प्रिंगच कमजोर: वरचं सगळं ठीक असेल आणि दोन्ही स्प्रिंग एकाच नंबरच्या असतील, तर डावी स्प्रिंग उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावून मोजा. झुकाव बाजू बदलून आला, तर स्प्रिंग दोषी. झुकाव जागच्या जागी राहिला, तर स्प्रिंग निर्दोष. या कामाला मजुरी लागते, पण नवीन स्प्रिंग विकत घेण्याआधी हा पुरावा हातात असलेला बरा. वॉरंटी मागायलाही तोच उपयोगी पडतो.

कारण मागे असेल तर

पाट्यांचा गठ्ठा मधल्या सेंटर बोल्टने बांधलेला असतो. त्या बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या किंवा लिफ्ट ब्लॉकच्या भोकात नीट बसायला हवं. ते कडेवर अडकलं तर ती बाजू उंच राहते आणि ॲक्सलही तिरका होऊ शकतो. निमुळते ब्लॉक असतील, तर दोन्हीकडे ते एकाच दिशेने बसलेत का ते पाहा.

जुन्या पाट्यांत एक जादा पाटा घालून उंची वाढवली असेल, तर मूळ पाटे तपासा. वर्षानुवर्षं एकाच बाजूला जास्त ओझं वाहिलेला गठ्ठा सपाट झालेला असतो. नवा पाटा दोन्हीकडे सारखीच मदत करतो, त्यामुळे जुना फरक तसाच राहतो. एखादा पाटा तडकलेला असेल, तर तो बदलण्याशिवाय पर्याय नाही.

यू-बोल्ट काही दिवस गाडी चालवल्यानंतर पुन्हा टॉर्कवर तपासावे लागतात. किती किलोमीटरनंतर, हे किटच्या कागदावर लिहिलेलं असतं.

अमेरिकेतल्या टॅकोमाचं उदाहरण

अमेरिकेत टोयोटा टॅकोमाच्या मालकांमध्ये हा झुकाव इतका ओळखीचा आहे की त्याला 'टॅको लीन' असं नावच पडलं आहे. तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं. इंधनाची टाकीही डावीकडेच, ड्रायव्हरच्या बाजूला आहे. त्यामुळे टाकी भरलेली आणि ड्रायव्हर बसलेला असताना ती बाजू थोडी खाली राहते. दोन्हीकडे सारख्या स्प्रिंगची किट बसवली की हा फरक नजरेत भरतो.

हा बिघाड नाही, वजनाचा फरक आहे. अशा वेळी चकती हा योग्य उपाय ठरतो. तिथे ड्रायव्हरच्या बाजूला साधारण पाव इंचाची, म्हणजे सुमारे ६ मिमीची चकती टाकतात. पण गाडी ६ मिमी वर येत नाही, सुमारे १२ मिमी वर येते. कारण स्प्रिंग लोअर आर्मच्या साधारण मध्यावर टेकते आणि चाक आर्मच्या टोकाला असतं. स्प्रिंगपाशी झालेला बदल चाकापाशी जवळपास दुप्पट होतो. हे प्रमाण गाडीगणिक बदलतं. जेवढा फरक, तेवढी जाड चकती टाकली तर गाडी दुसऱ्या बाजूला झुकते.

वजनाचा मुद्दा आपल्याकडेही लागू आहे. एका बाजूला लावलेली दुसरी बॅटरी, टपावर एका कडेला बांधलेला तंबू किंवा मागे एका बाजूला ठेवलेली टूलबॉक्स, हे सगळं मोजमापात येतं. सामान कायम गाडीतच राहणार असेल, तर त्यासह सरळ उभी राहणारी गाडी हवी की रिकामी, हे आधी ठरवावं.

थार आणि जिम्नीत काय वेगळं?

२०२० पासूनच्या थारमध्ये पुढे डबल विशबोन आणि मागे सलग ॲक्सल असला, तरी मागेही पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. त्यामुळे स्प्रिंगच्या खाचेची तपासणी चारही कोपऱ्यांवर करावी.

त्याआधीच्या, २०१० मध्ये आलेल्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. टॉर्शन बार म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा लांब दांडा. त्याची उंची बोल्टने कमी-जास्त करता येते. त्यामुळे अशा गाडीत पुढचा झुकाव म्हणजे बहुधा दोन्ही बोल्टचे फेरे कमी-जास्त झालेले असतात. हे दांडे डावे-उजवे ठरलेले असतात, त्यांची अदलाबदल करता येत नाही.

जिम्नीत पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून त्याला एक आडवा रॉड असतो. गाडी उंच केली की हा रॉड ॲक्सलला थोडं एका बाजूला ओढतो. मग एका बाजूचं चाक मडगार्डबाहेर आल्यासारखं दिसतं. पाहणाऱ्याला ते झुकल्यासारखं वाटतं, पण उंची मोजली तर सारखी भरते. यावर उपाय चकतीचा नाही, लांबी बदलता येणाऱ्या रॉडचा आहे.

कधी गाडी तिथेच थांबवायची?

नव्या स्प्रिंग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, हे खरं आहे. पण त्या साधारण सारख्याच बसतात. पुढच्या गोष्टी दिसल्या तर 'बसतील' म्हणून थांबू नये:

• झुकाव दिवसागणिक वाढतोय.
• खड्ड्यात किंवा ब्रेक मारताना 'ठक्' असा आवाज येतो.
• ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.
• स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर ब्रेकचा पाइप ताणला जातो किंवा टायर कशाला तरी घासतो.
• पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलं आहे.

ही सैल बोल्टची, निसटणाऱ्या बॉल जॉइंटची किंवा मर्यादेपलीकडे ताणलेल्या भागांची लक्षणं असू शकतात. सगळं ठीक निघालं तरी झुकाव दुरुस्त केल्यावर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख तपासून घ्यावा. उंची बदलली की दोन्ही बदलतात. अलाइनमेंट आधी करून घेतली असेल, तर ती पुन्हा करावी लागते.

आणि कायदा?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. किट बाजारात सहज मिळते, म्हणून ती रस्त्यावर चालतेच असं नाही. पैसे भरण्याआधी आरटीओत विचारून घेणं फायद्याचं.

गॅरेजमध्ये काय मागायचं?

काम सुरू होण्याआधी चारही कोपऱ्यांची उंची तुमच्यासमोर मोजून बिलावर लिहून घ्या. काम झाल्यावर तीच चार मापं पुन्हा लिहून घ्या. सस्पेन्शनचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळलेत का, हे स्पष्ट विचारा. झुकाव निघालाच, तर "चकती टाकतो" या उत्तरावर एकच प्रश्न विचारायचा: कारण पुढे आहे की मागे, आणि ते कसं तपासलं?